सकाळी कडा चांगली होती: डंपवर उलटलेल्या टिपरचं प्रकरण

टिपर, म्हणजे मागचा हौदा उचलून माती ओतणारा ट्रक, डाव्या अंगावर पडला तेव्हा दुपारचे १२ वाजून ४० मिनिटं झाली होती. मी साइट ऑफिसात कागद चाळत बसलो होतो. आवाज फार मोठा नव्हता. ओल्या मातीचा ढीग बदकन पडावा तसा जड, बसका आवाज आला आणि पाठोपाठ इंजिन चढ्या सुरात घुमायला लागलं. ते थांबेचना. इंजिन कोणी बंद करत नाहीये, म्हणजे बंद करणारा तशा अवस्थेत नाहीये, एवढं कळून मी उठेपर्यंत बाहेर आरडाओरडा सुरू झाला होता.

सुरक्षा अधिकारी म्हणून या घटनेची चौकशी माझ्याकडे आली. कोणाची ओळख पटू नये म्हणून साइट, कंपनी आणि माणसांची नावं इथे दिलेली नाहीत. कोणी दगावलं नाही, ही गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तिकडे लक्ष लागून राहणार नाही. चालकाच्या कोपराला मुका मार लागला, गालावर काचेने कापलं आणि खांद्यावर सीटबेल्टचा निळा वळ दोन आठवडे राहिला. एवढ्यावर निभावलं ते कशामुळे आणि यापेक्षा वाईट होता होता कुठे थांबलं, हे दोन्ही पाहण्यासारखं आहे.

जागा आणि काम

पायासाठी मोठा खड्डा खणायचं काम चालू होतं. निघणारी निरुपयोगी माती साइटच्याच एका टोकाला टाकत होतो. तिथे मातीचा सपाट डंप तयार झाला होता, उंची साधारण ६ मीटर. खड्ड्यात पोकलेन, म्हणजे खोदणारं यंत्र, टिपर भरायचा, टिपर रॅम्पवरून डंपच्या माथ्यावर यायचा, कडेकडे पाठ करून तिच्याजवळ माती ओतायचा आणि एक डोझर ती माती पुढे ढकलून कडेला मातीचा बांध घालत जायचा. पाच टिपर फिरत होते. माथ्यावर एक सिग्नलमन होता. डंपच्या पायथ्याशी त्या दिवशी काही काम नव्हतं, म्हणजे ठरल्याप्रमाणे तरी नव्हतं.

असं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना डंपच्या कडेचा स्वभाव माहीत असतो. ओतलेली सुटी माती आपापल्या उतारावर येऊन थांबते. ती थांबलेली दिसते म्हणून आपण तिला पक्की समजतो. प्रत्यक्षात ती घसरण्याच्या जेमतेम अलीकडे असते. तिच्यात ताकद शिल्लक नसते, फक्त तोल असतो. त्या तोलावर २५ टनांची गाडी उभी करायची तर कडेपासून अंतर ठेवणं आणि पायथ्याला हात न लावणं, हे दोनच आधार.

त्या दिवशीचं सकाळपासूनचं

८ वाजता सुपरवायझर माथ्यावर फिरून आला. भेगा नाहीत, बांध मांडीपर्यंत उंच, जमीन कोरडी. त्याने वहीत टिक केली. मी स्वतः ९ च्या सुमारास तिथून गेलो होतो आणि मलाही वावगं काही दिसलं नाही.

साडेदहाला रॅम्पच्या खालच्या वळणावर एक टँकर रुतला. त्याला ओढायला डोझर खाली नेला. तासाभरात येतो म्हणून गेला, तो जेवणाची सुट्टी होईपर्यंत आलाच नाही. मध्ये टिपर येत राहिले. ढकलायला कोणी नाही, म्हणून ओतलेले ढीग कडेजवळ तसेच साचले आणि ओतायला मोकळी जागा कमी कमी होत गेली. शेवटी दोन ढिगांच्या मधे एक फट उरली होती. तिच्यात शिरायचं तर टिपरला तिरकं घुसावं लागत होतं. त्यात त्या फटीसमोरचा बांध आधीच्या गाड्यांच्या चाकांनी बसून बसून फूटभरावर आला होता.

सव्वाअकराच्या सुमारास खाली दुसरीच गोष्ट घडत होती. केबलच्या चरावरून गाड्या जाण्यासाठी भर हवी होती. बकेटने माती उचलणाऱ्या लोडरच्या ऑपरेटरला कोणीतरी सांगितलं, ‘डंपची माती आहे ना, ती घे.’ त्याने डंपच्या पायथ्याची माती उचलली. बकेट साधारण २ घनमीटरची, फेऱ्या ११. म्हणजे २२ घनमीटर माती नेमकी उताराच्या टाचेतून निघाली. मी नंतर मोजलं तेव्हा पायथ्याशी ८ मीटर लांबीचा आणि जवळपास दीड मीटर उंचीचा सरळ उभा काप होता. वरच्या उताराने अजून ती जागा भरून काढली नव्हती. माती थोडी दमट असली की काही तास उभी राहते. ते काही तास म्हणजेच आमची दुपार.

तिसरी गोष्ट खड्ड्यातली. पोकलेन तोवर कोरड्या थरातून खाली उतरून चिकट, ओल्या मातीला लागला होता. बारा वाजल्यापासूनच्या खेपा या मातीच्या होत्या. ही माती हौद्याला चिकटते. हौदा उचलला तरी अर्धी माती जागची हलत नाही.

या तिन्ही गोष्टी सकाळी वहीत टिक झाल्यानंतरच्या. एकही चोरून झाली नाही. टँकर रुतला, चर भरायचा होता, ओला थर लागला: साइटवर रोज घडतात तशाच गोष्टी.

१२ वाजून ४० मिनिटं

चौथ्या नंबरच्या टिपरची ती सातवी खेप. चालक अनुभवी, गाडी व्यवस्थित, ब्रेक-टायर ठीक. त्याने फटीकडे पाठ करून गाडी तिरकी मागे घेतली. सिग्नलमन चालकाच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे मागे, आरशात दिसेल असा उभा होता. ‘येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास.’ गाडी तिरकी असल्यामुळे उजवं मागचं चाक कडेपासून अडीच मीटर आत होतं आणि डावं दीड मीटरही नव्हतं. सिग्नलमनला दिसत होतं ते उजवं चाक. त्याच्या हिशेबाने गाडी छान थांबली होती.

गाडीचा हेल्पर डावीकडून मागे गेला. फाळक्याचा, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराचा, खटका घट्ट बसला होता. त्याने हातोडीचे दोन ठोके देऊन तो सोडवला, हातोडी तिथेच जमिनीवर टाकली आणि पुढे केबिनकडे आला. हातोडी का टाकली, असं मी नंतर विचारलं. म्हणाला, ‘परत फाळका लावताना लागतेच की साहेब.’ ती हातोडी दुसऱ्या दिवशी क्रेनने गाडी उचलल्यावर हौद्याच्या काठाखाली सापडली. लाकडी दांडा चेचून दोऱ्यासारखा झाला होता.

चालकाने हौदा उचलला. उजवीकडची माती सरकून गेली, डावीकडची आणि पुढच्या कोपऱ्यातली चिकटून राहिली. हौदा पूर्ण वर, त्यात पाच-सहा टन माती एका कुशीला. अशा वेळी सगळेच जे करतात ते त्याने केलं: गिअर टाकून गाडी हातभर पुढे घेतली आणि ब्रेक मारला. झटक्याने माती सुटते. त्या झटक्याने डावं मागचं चाक खचलं. चालकाच्या शब्दांत: ‘आधी वाटलं टायर बसला. मग समोरचं आभाळ फिरायला लागलं.’

दाराच्या हँडलला त्याचा हात गेला होता. पट्टा लागलेला होता म्हणून तो बाहेर पडू शकला नाही आणि म्हणूनच वाचला. गाडी उलटताना उडी मारायचा मोह भल्याभल्यांना होतो. पण गाडी माणसापेक्षा लवकर पडते आणि अर्धवट बाहेर आलेला माणूस गाडीच्याच खाली सापडतो. पट्टा बांधून आत राहायचं, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि पडत्या बाजूच्या उलट झुकायचं, हे प्रशिक्षणात सांगतात. डोझर, लोडर, मोठे डंपर यांच्या केबिनला उलटल्यावर न चेपणारा सांगाडा असतो. त्याची चाचणी आयएसओ ३४७१ या मानकाप्रमाणे होते. त्या सांगाड्याचा सगळा हिशेब माणूस सीटवर बांधलेला आहे हे धरून केलेला असतो. रस्त्यावर चालणाऱ्या साध्या टिपरला असा सांगाडा सहसा नसतो. आमच्या टिपरला नव्हता. पण खाली मऊ माती होती, गाडी पायथ्यापर्यंत गडगडली नाही, उतारावरच आडवी झाली आणि केबिन चेपली नाही. हा भाग नशिबाचा. पट्ट्याचा भाग नशिबाचा नाही.

पहिली दहा मिनिटं

मी पोचलो तेव्हा सात-आठ जण डंपच्या पायथ्याशी धावत निघाले होते, खालून केबिनपर्यंत जाता येईल म्हणून. माणूस अडकलाय म्हटल्यावर पाय तिकडेच वळतात. पण वर कडा अजून लटकत होती, खाली तो उभा काप होता आणि मधे गाडी. मी आधी ओरडून त्यांना मागे घेतलं. शिव्या खाल्ल्या. मग वरच्या बाजूने, खचलेल्या भागाला वळसा घालून दोघं केबिनपर्यंत उतरले. आधी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, बॅटरीचा स्विच काढला, कारण डिझेल गळत होतं. चालक पट्ट्यात लोंबकळत होता. पट्टा लगेच कापला असता तर तो डावीकडच्या दारावर मानेवर आपटला असता. एकाने खालून त्याला खांद्याने तोलून धरलं, मग दुसऱ्याने पट्टा सोडला.

गाडी उचलायचं काम दुसऱ्या दिवशी क्रेनने, पायथा आधी भरून घेऊन केलं. त्यात सांगण्यासारखं वेगळं काही नाही.

पहिला अहवाल

संध्याकाळी माझ्या टेबलावर एका पानाचा अहवाल आला. मजकूर असा: चालकाने गाडी कडेच्या फार जवळ नेली, हौदा उचललेला असताना गाडीला झटका दिला, त्यामुळे अपघात झाला. उपाय: चालकास समज देण्यात यावी, सर्व चालकांचे पुन्हा प्रशिक्षण घ्यावे.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. त्यावर सही करून मी घरी जाऊ शकलो असतो. पण चालकाला बाहेर काढताना मला पायथ्याचा काप दिसला होता आणि अहवालात पायथा हा शब्दच नव्हता. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना वेगवेगळं बोलावलं. मुद्दाम एकच प्रश्न आधी विचारला: ‘कडा कशी होती?’ सुपरवायझर म्हणाला, सकाळी चांगली होती. सिग्नलमन म्हणाला, सकाळपासून चांगलीच होती. चालक म्हणाला, सहा खेपा टाकल्या की साहेब, चांगली होती. लोडरवाल्याला विचारलं तर तो गोंधळला. ‘कुठली कडा? मी खाली होतो.’ वर गाड्या रिकाम्या होतायत हे कळत नव्हतं का? ‘आवाज येत होता. पण तो दिवसभर येतोच ना. खालून वरचं काही दिसत नाही.’ आणि वरून खालचं दिसत नाही, हे सिग्नलमनने न विचारता सांगितलं. कडेला जाऊन वाकून बघू नकोस, असं त्याला आम्हीच बजावलेलं होतं. बरोबरच बजावलं होतं.

म्हणजे कडेचा वरचा अर्धा भाग एका माणसाच्या ताब्यात, खालचा अर्धा दुसऱ्याच्या आणि दोघांत बोलणं नाही. डोझर गेला हे सिग्नलमनला माहीत होतं, पण डोझर गेला की ओतणं थांबवायचं, असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ओला थर लागलाय हे पोकलेनवाल्याला माहीत होतं, आणि त्याला माथा दिसतच नव्हता. प्रत्येकाकडे एक-एक तुकडा होता. सगळे तुकडे जोडून ‘आता ही जागा चांगली नाही’ असं म्हणायचं काम कोणाच्याच वाट्याला दिलेलं नव्हतं. आम्ही सकाळी ८ वाजता जागेला दिवसभराची परवानगी देत होतो आणि जागा तासातासाला बदलत होती.

अमेरिकेच्या खाणकामाच्या नियमांत माती-दगड ओतण्याच्या जागांबद्दल एक कलम आहे, ५६.९३०४ क्रमांकाचं. त्यात म्हटलंय की ओतण्याची जागा काम सुरू होण्याआधी नजरेने तपासावी आणि जमिनीची स्थिती मागेल तेव्हा पुन्हा तपासावी. जमीन गाडीचा भार पेलणार नाही अशी चिन्हं असतील तर कडेपासून सुरक्षित अंतर मागेच माल ओतावा. आमच्या कार्यपद्धतीच्या कागदात पहिला अर्धा भाग होता. ‘जमिनीची स्थिती मागेल तेव्हा’ हा अर्धा नव्हता. खरं सांगायचं तर असला तरी आम्ही तो कसा पाळला असता कोण जाणे, कारण जमीन कधी काय मागते हे ऐकायला तिथे कोणी बसलेलं नव्हतं.

गाडी नेमकी का उलटली

हे जरा आकड्यांत बघू. हिशेब ढोबळ आहे, पण फळ्यावर मांडल्यावर आमच्या चालकांना तो प्रशिक्षणाच्या दहा भाषणांपेक्षा जास्त पटला.

टिपरच्या मागच्या दोन बाजूंच्या जोडचाकांत मध्यापासून मध्यापर्यंत साधारण १.८ मीटर अंतर असतं. म्हणजे गाडीचा भारबिंदू, सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात तो बिंदू, मधोमध धरला तर कुठल्याही बाजूला ०.९ मीटर सरकेपर्यंत गाडी उभी राहते. भरलेली गाडी, हौदा खाली: भारबिंदू जमिनीपासून सुमारे १.६५ मीटर. ही गाडी कागदावर २५ अंशांहून जास्त कलली तरी पडत नाही.

आता आमची गाडी. रिकामी १० टन, हौदा पूर्ण वर. त्यात अडकलेली ६ टन माती, जमिनीपासून सुमारे ४ मीटर उंचीवर आणि मध्यरेषेपासून अर्धा मीटर डावीकडे. दोन्ही मिळून भारबिंदू जातो २.४ मीटर उंचीवर. आणि गाडी अजून कललेलीही नसताना तो सुमारे १९ सेंटिमीटर डावीकडे सरकलेला असतो.

डावं चाक १५ सेंटिमीटर खचलं, की गाडी जवळपास ५ अंश कलते. त्या कलाने भारबिंदू आणखी २० सेंटिमीटर डावीकडे जातो. एकूण ३९. म्हणजे जो भार दोन्ही बाजूंना ५०-५० असायला हवा, तो आता डावीकडे ७२ आणि उजवीकडे २८. आधीच खचणाऱ्या चाकावर जास्त भार, म्हणून ते आणखी खचतं, म्हणून गाडी आणखी कलते. इथून पुढे चालकाच्या हातात काही उरत नाही. चाक साधारण अर्धा मीटर गेलं की भारबिंदू ०.९ ची रेषा ओलांडतो. प्रत्यक्षात त्याच्याही आधी, कारण खालच्या बाजूचे स्प्रिंगचे पाटे दबतात आणि हौदाही थोडा पिळतो.

हौदा पूर्ण उचलला की त्याची पुढची कड जमिनीपासून जवळपास ५ मीटरवर जाते. गाडी आडवी पडते तेव्हा बाजूला तेवढी जमीन ती झोडपते आणि माती त्याच्याही पलीकडे उडते. हातोडी पडली होती ती गाडीपासून दोन मीटरवर.

फळ्यासमोर एका वयस्क चालकाने विचारलं, ‘मग झटका द्यायचाच नाही का? माती निघणार कशी?’ प्रश्न रास्त होता. हौदा खाली घ्यायचा, गाडी कडेपासून दूर सपाटीवर न्यायची आणि पोकलेनने किंवा हाताने माती सैल करून पुन्हा ओतायची. याला वेळ लागतो. आमच्याकडे चालकांना खेपेवर पैसे मिळत होते, म्हणजे हा वेळ त्यांच्या खिशातून जात होता. झटका देणारा चालक बेफिकीर असतो असं मला तोवर वाटायचं. नंतर वाटलं, की आम्हीच त्याला झटका देण्याचे पैसे देत होतो.

बांधाबद्दल थोडं विषयांतर

कडेच्या बांधाची उंची साइटवरच्या सगळ्यात मोठ्या गाडीच्या आसाच्या मध्याइतकी तरी हवी, हा खाणीतल्या रस्त्यांच्या बांधांचा नियम आहे आणि तो इथेही चालतो. आसाची मध्यरेषा, म्हणजे चाकाचं निम्मं. आमचा सकाळचा बांध त्यात बसत होता. पण चालक त्या बांधाचा वापर कसा करतात ते मी दोन दिवस नुसता उभा राहून पाहिलं. मागचं चाक बांधाला टेकेपर्यंत गाडी मागे घ्यायची, टेकल्याचा धक्का बसला की थांबायचं. दिसायला हुशारी आहे. पण बांध म्हणजे ब्रेक नाही. तो कुठे थांबायचं हे दाखवायला आहे आणि अगदीच चुकलं तर एकदा अडवायला. रोज चाळीस वेळा त्याला टेकून थांबलं की तो बसतो, आणि ज्या चाळिसाव्या वेळी तो खरंच लागणार असतो तेव्हा फूटभर उरलेला असतो. शिवाय बांधाला टेकायचं म्हणजे गाडीचा सगळा मागचा भार उताराच्या तोंडावर नेऊन ठेवायचा.

काय बदललं

पहिली गोष्ट अशी की कडेवर ओतणं आम्ही बंदच केलं. कडेपासून निदान एक गाडीभर लांब, पक्क्या भागावर ओतायचं आणि डोझरने ढकलायचं. डोझर नसेल तर डंप बंद. यावर साइटचे प्रमुख चिडले, कारण डोझर एकच होता आणि तो कशालाही बोलावला जायचा. त्यांना मी म्हटलं, टँकर ओढायला न्या ना, फक्त तेवढा वेळ खेपा थांबवा. पहिल्या आठवड्यात खेपा तीनदा थांबल्या. दुसऱ्या आठवड्यात टँकर ओढायला दुसरी गाडी मिळाली. ती आधीही होतीच.

खाली लोडरला वॉकी-टॉकी दिला. पायथ्याला बकेट लावायची तर वरून होकार हवा, आणि तो होकार म्हणजे वर ओतणं बंद झाल्याची खूण. पायथ्यापासून काही अंतरावर दोरी बांधून टाकली. दोरी कोणालाही ओलांडता येते, पण ओलांडताना निदान ओलांडतोय हे कळतं.

सिग्नलमनची जागा तीच ठेवली, चालकाच्या आरशात दिसेल अशी. मात्र गाडी कडेला काटकोनात आल्याशिवाय मागे घेऊ द्यायची नाही, आणि दोन्ही मागची चाकं पाहिल्याशिवाय ‘बास’ म्हणायचं नाही. त्यासाठी त्याला चार पावलं चालावं लागतं. चालताना तो दिसेनासा झाला की चालकाने जागच्या जागी थांबायचं. मागचं दिसत नसेल तर आजूबाजूच्या आवाजावर ऐकू जाणारा मागे येण्याचा भोंगा हवा किंवा सुरक्षित आहे असं सांगणारा माणूस हवा, असं अमेरिकेच्या बांधकाम-सुरक्षा नियमांत आहे. आमच्या सगळ्या गाड्यांना भोंगा होता. पाच गाड्या दिवसभर तोच सूर लावतात, मग कोणाच्या कानाला तो लागत नाही. भोंग्यावर माझा भरवसा फारसा नाही, आणि त्या दिवशी त्याचा प्रश्नही नव्हता. गाडी कोणावर मागे आली नव्हती, जमिनीच्या काठावर आली होती. काठाला कान नसतात.

हेल्परने हौदा उचलण्याआधी केबिनच्या पुढे, चालकाच्या नजरेसमोर येऊन उभं राहायचं. तो दिसल्याशिवाय हौदा वर जाणार नाही. हे एका दिवसात अंगवळणी पडलं, कदाचित हातोडी सगळ्यांनी पाहिली होती म्हणून.

काही टिपरांत गाडीचा कल मोजून इशारा देणारी किंवा हौदा उचलणं थांबवणारी यंत्रणा मिळते. ती आपल्याकडे असावी असं मी लिहून दिलं आणि अजूनही तसंच मत आहे. पण आमच्या प्रकरणात हौदा वर जाईपर्यंत जमीन जवळजवळ सपाटच होती. इशारा वाजला असता तो झटक्यानंतर, जेव्हा हौदा खाली घ्यायला वेळ नव्हता.

खेपेच्या पैशांचं मात्र मी काही करू शकलो नाही. ओल्या मातीच्या खेपेला वेगळा हिशेब धरावा असं सुचवलं, ते कागदावरच राहिलं.

वहीचं काय झालं

जागेची दर दोन तासांनी तपासणी, असं आम्ही ठरवलं आणि वहीत रकाने आखले: ८, १०, १२, २, ४. दहा-बारा दिवसांनी मी सकाळी सव्वानऊला सहज वही उघडली. पाचही रकान्यांत ‘ठीक’ लिहिलेलं होतं, एकाच पेनने. सुपरवायझर ओशाळला. म्हणाला, ‘सर, दुपारी वही खाली ऑफिसात असते, मी वर असतो.’ खरंच होतं ते. मला रागही आला आणि हसूही. सकाळच्या एका टिकबद्दल तक्रार करत होतो, आणि तीच टिक पाच रकाने रुंद करून घेतली होती.

वही बंद केली. त्याऐवजी डोझरवाल्याने सुचवलेली गोष्ट केली. कडेपासून तीन मीटर आत, कडेला समांतर, एका सरळ रेषेत बांबूच्या काठ्या ठोकल्या, वरच्या टोकाला लाल कापड. त्या पलीकडे कोणत्याही गाडीचं चाक जायचं नाही. पण त्याचा खरा हेतू वेगळा होता. डोझरच्या केबिनमधून रांगेच्या एका टोकाशी डोळा लावला की सगळ्या काठ्या एकामागे एक लपतात. आतली जमीन जराही सरकली तर एखादी काठी रांगेतून बाहेर डोकावते. प्रत्येक वेळी डोझर वळवताना तो तिकडे पाहतोच, त्याला वेगळं काही करावं लागत नाही आणि कुठे लिहावंही लागत नाही.

तिसऱ्या आठवड्यात दुपारी तीनच्या सुमारास पाचवी काठी चार बोटं बाहेर दिसली. त्याने हात आडवा करून सिग्नलमनला थांबवलं आणि टिपर मागे फिरवले. मी खाली जाऊन पायथा पाहिला तर कोणी खोदलेलं नव्हतं. लोडर तिथे फिरकलाच नव्हता. पाणी मारायच्या पाइपचा सांधा रात्रीपासून गळत होता आणि पाचव्या काठीच्या बरोबर खाली माती चिखल होऊन फुगली होती.